वाढीव खोलीचं प्रकरण

१

"सापडत नाही म्हणजे काय?" खिडकीच्या काचेतल्या भोकाशी तोंड नेत वहिनींनी विचारलं. "मागच्या आठवड्यात तुम्हीच म्हणालात ना, सगळं झालंय, आता फक्त साहेबांची सही राहिलीय?"

"म्हणाले होते," खिडकीवरच्या बाई खाली बघत म्हणाल्या. "पण आता फाईल जागेवर नाही."

बांधकाम परवानगी विभागातली ही खिडकी वहिनींना आता स्वतःच्या स्वयंपाकघराइतकी पाठ झाली होती. काचेच्या कोपऱ्यातला तडा, पलीकडे छताला भिडलेले गठ्ठे, बाहेरच्या बाकावर तोंडं पाडून बसलेली माणसं. पाण्याचा दाखला आणला की सांडपाण्याचा मागायचे, सांडपाण्याचा आणला की झाडाचा. मागच्या अंगणात झाडाचं एक पानसुद्धा नव्हतं, तर 'झाड नाही' असा दाखला आणावा लागला. चष्म्याच्या दुकानातली नोकरी सांभाळून, मालकाची बोलणी खाऊन, वहिनींनी वर्षभर हे उंबरठे झिजवले होते. आणि तेही कशासाठी, तर एका खोलीसाठी. खोली आणि तिला लागून न्हाणीघर, बस्स.

दादांसाठी. दादा म्हणजे त्यांचे यजमान. गल्लीत सगळेच त्यांना दादा म्हणत. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात, शिडीवर उभं राहण्यात त्यांचा उभा जन्म गेला. आणि आता त्यांच्याच पायांतली ताकद कुणीतरी चोरून न्यावी तशी हळूहळू चालली होती. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं होतं. औषध मात्र सांगितलं नव्हतं. घरात झोपायच्या खोल्या वर, न्हाणीघर वर, आणि मध्ये उभा कडा असावा तसा जिना.

"मग नव्यानं अर्ज करते," वहिनी म्हणाल्या. "नकाशे आहेत माझ्याकडे."

"करा. पण त्याचा नंबर लागेपर्यंत पुढचा महिना उजाडेल आणि तो नव्या नियमात जाईल."

नवा नियम वहिनींना तोंडपाठ होता. पुढच्या महिन्यापासून मागच्या भिंतीपाशी सोडायची जागा वाढणार होती. तेवढी सोडली तर अंगणात खोली नाही, फार तर एक कपाट उभं राहिलं असतं. खिडकीसमोर उभं राहून भांडायचं तरी कुणाशी? समोरची बाई तर त्यांच्याहून रडवेली दिसत होती.

त्या वळल्या, तेवढ्यात मागून हळूच प्रश्न आला. "घरी तब्येत बरी आहे ना त्यांची?"

"आहे ती आहे," म्हणून वहिनी चालू लागल्या.

जिन्यात सही करणारे इंजिनिअर साहेबच भेटले. गुळगुळीत दाढी, कडक इस्त्री. ते अगदी जवळ आले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "फायलीला असे पाय फुटत नसतात, बाई. कुणीतरी नेलीय ती."

२

घरी पोचल्या तेव्हा दादा वर झोपले होते. दाराशी त्यांचे बूट एका ओळीत ठेवलेले होते, दोन्ही नाड्या गच्च दुहेरी गाठीत. वहिनी पायानंच ते बाजूला सारून आत गेल्या. ओट्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग त्यांनी नणंदेला फोन लावला.

एरवी त्यांनी तो लावला नसता. नणंद-भावजयीचं भांडण नव्हतं, पण गूळपीठही नव्हतं. वन्सं विम्याच्या कंपनीत खोटे दावे शोधून काढायच्या कामावर होत्या आणि नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या. गोदाम जळालं म्हणणाऱ्याच्या राखेत बसून 'यात कापूस नव्हताच' असं सांगणारी बाई ती. ती घरात आली की वहिनींना आपले डबेसुद्धा काहीतरी लपवताहेत असं वाटायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वन्सं हजर. हातात एकच पिशवी.

"दादा कुठाय?"

"वर. येतील हळूहळू."

जिन्यावरून घसटण्याचा आवाज येत होता. दादा बसून उतरत. एक पायरी उतरायची, थांबायचं, हातानं पाय उचलून खाली ठेवायचा. मदत केलेली त्यांना खपत नसे. वन्सं जिन्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या आणि खिडकीबाहेर काहीतरी फार महत्त्वाचं चाललं असावं तसं बघत बसल्या.

चहा घेताना दादांनी बहिणीला सगळं विचारलं. तिचं गुडघेदुखीचं तेल, तिच्या सोसायटीतलं भांडण, भाच्याची नोकरी. मग कप ठेवला आणि म्हणाले, "जातो वर."

"आत्ताच तर आलास!"

"जायला वेळ लागतो मला," ते हसून म्हणाले.

ते वर पोचेपर्यंत वन्संनी वाट पाहिली. मग म्हणाल्या, "वहिनी, तू त्याला फायलीचं सांगितलंस?"

"गहाळ झाली एवढं सांगितलं. नव्या नियमाचं नाही बोलले. आधीच झोप लागत नाही त्यांना."

"हं." वन्संनी कपाच्या तळाशी बघितलं. "मग ऐक. ज्याला फायली विकायच्यात किंवा अडवायच्यात तो बिल्डरच्या फायली नेईल. एका खोलीची फाईल परक्या माणसाच्या कामाची नाही. चोर तुझ्या ओळखीचा आहे. तू त्याला चहाही पाजला असशील."

३

पहिला नंबर आर्किटेक्टचा लागला. नुकतंच दुकान मांडलेला माणूस. टेबल मोठं, कामं थोडी, आणि कानाला सतत फोन. वन्संनी त्याच्या समोरची खुर्ची सोडली आणि सरळ त्याच्याच शेजारच्या खुर्चीत जाऊन बसल्या.

"फाईल हरवली, तर तुमचं काय नुकसान?"

"माझं?" त्यानं फोन उलटा ठेवला. "मावशी, ही माझ्या नावावरची पहिली परवानगी होती. ती भिंतीवर लावायला मी चौकटही आणून ठेवलीय."

चौकट खरोखरच भिंतीशी टेकवून ठेवलेली होती. रिकामी.

"मग घाम का येतोय?"

तो वहिनींकडे बघेना. शेवटी म्हणाला, "काकू, रागावू नका. नकाशात माझी चूक झाली होती. सांडपाण्याची नळी मी उलट्या बाजूला दाखवली. साहेबांच्या लक्षात आलं असतं तर माझी शोभा झाली असती. खोटं कशाला बोलू, ही फाईल हरवली तर बरं, असं माझ्या मनात आलं होतं."

वहिनींना वाटलं, उठावं आणि ती चौकट याच्या डोक्यात घालावी. वर्षभर या माणसाच्या पाया पडायचं तेवढं बाकी ठेवलं होतं.

"मनात येण्याला कायदा नाही," वन्सं म्हणाल्या. "नकाशाच्या प्रती आहेत?"

त्यानं ड्रॉवर उघडून अख्खी गुंडाळी त्यांच्या हातात दिली. नळी चुकलेली प्रतसुद्धा.

"आणि अर्जात दादाच्या आजारपणाचा एक शब्द नाही, असं वहिनी म्हणाली. ते का?"

"मीच नको म्हटलं. आजार लिहिला की आणखी चार दाखले मागतात. नुसतं 'वाढीव खोली' लिहिलं. दादांनाही तेच हवं होतं. त्यांनी तर मला शपथ घातली, ऑफिसात एका माणसाला कळता कामा नये म्हणून."

बाहेर आल्यावर वहिनी धुसफुसल्या. "हाच तो. चूक लपवायला फाईल गायब केली."

"चूक लपवणारा चुकीची प्रत हातात देतो होय? तिला काडी लावतो आधी." वन्संनी गुंडाळी काखेत मारली. "चल, तुझ्या त्या इस्त्रीवाल्या साहेबाकडे."

४

इंजिनिअर साहेबांनी दोघींना बसा म्हटलं नाही. वन्सं तरी बसल्या.

"तुम्ही पाहणीला आलात तेव्हा म्हणालात, 'बाकीचं बघावं लागेल.' बाकीचं म्हणजे काय?"

"बाकीचं म्हणजे बाकीचं," साहेब म्हणाले.

"माझ्या भावजयीला ते बघता आलं नाही. म्हणून फाईल अडली?"

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. त्यांना राग आला नाही, हेच वहिनींना जास्त भयंकर वाटलं. ते दमल्यासारखं हसले.

"बाई, तुम्ही शहाण्या दिसता. फाईल टेबलावर असली तर माझा मान आहे. लोक येतात, नमस्कार करतात, थांबतात. फाईलच नाही तर मला विचारतो कोण? कोंबडी मारून अंडी मिळतात का?"

वन्संनी मान डोलावली. पटलं होतं त्यांना.

"आता मला वर कळवावं लागलं, गहाळ म्हणून. माझंच नाव खराब झालं." साहेब पुढे वाकले. "त्यापेक्षा तुमच्या शेजाऱ्याला विचारा ना. मोठ्या मिशीवाला. तुमच्या खोलीनं आमच्या स्वयंपाकघरातला उजेड जाईल म्हणून हरकत घेणारा तोच ना? फाईल गेली त्या दिवशी तो इथे होता. मी या डोळ्यांनी बघितलाय. खिडकीपाशी उभा राहून तो आमच्या बाईंना बोलण्यात गुंतवत होता."

शेजारच्या त्या गृहस्थांना गल्ली 'कर्नल' म्हणे. ते कधीही फौजेत नव्हते. मिशा आणि आवाज, एवढ्या भांडवलावर पद मिळालेलं. हरकत घेतली तेव्हा ते गल्लीच्या मधोमध उभे राहून ओरडले होते. पण गेल्या दोन-तीन आठवड्यांत वाकडा शब्द नाही. उलट परवाच फाटकाशी थांबून त्यांनी विचारलं होतं, "काही लागलं तर सांगा हो."

वहिनींना तेव्हा बरं वाटलं होतं. आता अंगावर काटा आला.

५

"गेलो होतो की ऑफिसात," कर्नल दारातच म्हणाले. "माझ्या पाण्याच्या मीटरचं काम होतं."

"पाण्याचं ऑफिस नदीपलीकडे आहे," वन्सं म्हणाल्या.

कर्नलांच्या मिशा थोड्या खाली आल्या. "असेल. मी चुकून तिकडे गेलो."

"आणि खिडकीवरच्या बाईंशी काय बोललात?"

"हवापाण्याचं."

वहिनींना राहवलं नाही. "काका, तुमचा उजेड जाईल म्हणून तुम्ही माझ्या माणसाला जिन्यावर मरायला सोडणार? एका खिडकीसाठी?"

गल्ली दणाणून सोडणाऱ्या त्या माणसाच्या डोळ्यांत चक्क पाणी होतं. "मला काही विचारू नका, सूनबाई," ते म्हणाले. "मी शब्द दिलाय."

"कुणाला?"

वन्संनी तो विषय तिथेच सोडून दिला. वहिनींना ते मुळीच कळलं नाही. इतकंच नाही, तर वन्सं अगदी लाडात येऊन म्हणाल्या, "कर्नल, मला पुन्हा त्या ऑफिसात जायचंय. ऊन फार आहे. सोडता का गाडीनं?"

वन्सं पुढे बसल्या, वहिनी त्यांच्या मागे. मागे बसणं कसलं ते. पुढची सीट इतकी मागे सरकवलेली होती की वहिनींचे गुडघे हनुवटीला लागायचे बाकी होते. पुढे वन्संचे पाय मात्र ऐसपैस पसरलेले.

"कर्नल, या सीटवर नेहमी काकूच बसतात ना?" वन्संनी विचारलं.

"हो. दुसरं कोण बसणार?"

काकू म्हणजे कर्नलांची बायको, उभी राहिली तरी फाटकावरून दिसायची नाही इतकी बुटकी. वन्सं ऑफिसशी उतरल्या, वहिनींना बाकावर बसवलं आणि एकट्याच खिडकीकडे गेल्या. काचेतल्या भोकापाशी वाकून त्या काहीतरी बोलत होत्या. बघता बघता खिडकीवरच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला.

वन्सं परत आल्या आणि बाकावर वहिनींशेजारी बसल्या. आज पहिल्यांदाच त्या थकलेल्या, वयस्कर दिसत होत्या.

"वहिनी, या बाईंना तू दादाच्या आजाराचं कधी सांगितलंस?"

"कधीच नाही. ह्यांनी शपथ घातली होती ना."

"मग परवा तिनं 'तब्येत बरी आहे ना त्यांची' म्हणून विचारलं, असं तू मला फोनवर म्हणालीस. ते कसं?"

वहिनींच्या मनात काहीतरी चमकलं आणि त्यांनी ते घाईघाईनं दाबून टाकलं.

"कुणी नेली ते कळलं मला," वन्सं म्हणाल्या. "आयुष्यात पहिल्यांदा वाटतंय, न कळतं तर बरं."

६

रविवारी दुपारी वन्संनी सगळ्यांना घरी बोलावलं. आर्किटेक्ट आला, कर्नल आले, खिडकीवरच्या बाई आल्या आणि दाराजवळच्या स्टुलावर अंग चोरून बसल्या. साहेब आले नाहीत. त्यांना यायचं कारणही नव्हतं. दादा वर होते. वन्संनी जिन्याचं दार सताड उघडं ठेवलं आणि गरजेपेक्षा मोठ्यानं बोलायला सुरुवात केली.

"साहेबांना फाईल टेबलावर हवी होती, म्हणून त्यांनी नेली नाही. आर्किटेक्टनं मनात आणलं, पण चुकीचा नकाशा तो अजून जपून ठेवतोय. राहिले कर्नल. त्यांना खोली नको होती, ते त्या दिवशी तिथे होते आणि खोटंही बोलले. पण बाई, तुम्ही सांगा. कर्नलांनी मागितली असती तर फाईल दिली असती?"

"नाही," बाई म्हणाल्या. "अर्जदार सोडून कुणाच्या हातात देत नाही आम्ही. अर्जदारालासुद्धा तिथेच बसून बघायला."

"अर्जदार कोण?"

वहिनी बोलल्या. त्यांचा आवाज त्यांनाच परका वाटला. "घर ह्यांच्या नावावर आहे."

"कर्नलांच्या गाडीची सीट," वन्सं म्हणाल्या, "लांब पायाच्या, गुडघे न वाकणाऱ्या माणसासाठी मागे सारलेली आहे. बाईंना आजार कळला, कारण त्यांनी दादाला चालताना बघितलं. आणि वहिनी, दादाचे बूट किती दिवसांत बाहेर गेले नव्हते?"

वहिनींना दाराशी ठेवलेले बूट आठवले. त्या गच्च दुहेरी गाठी. त्या स्वतः बांधत तेव्हा साधा फासा मारत, सुटायला सोपा. दादांची बोटं तर नाडीपर्यंत पोचतच नव्हती.

"मी बांधली नाडी," कर्नल खालमानेनं म्हणाले. "दादा म्हणाला, फाईल एकदा डोळ्यांनी बघायचीय, हिला सांगू नकोस. मला वाटलं, बघेल बापडा. उजेडाचं भांडण केव्हाच संपलं होतं हो माझं. त्याला त्या जिन्यावर एकदा बघितलं आणि संपलं."

"मी त्यांना फाईल दिली," बाई म्हणाल्या. "ते बाकावर बसले. या कर्नलसाहेबांशी बोलता बोलता बघते तर ते उठून चाललेले. फाईल छातीशी धरून, भिंतीला हात लावत. इतके हळू, की मी टेबलाला वळसा घालून गेले असते तरी गाठलं असतं. पण मला वाटलं, येतील परत. इतकं हळू चोरी करून कुणी जातं का? आणि खरं सांगू, त्या माणसाला हाक मारून थांबवायचं माझ्यानं झालंच नाही."

वर काहीतरी सरकलं. मग तो ओळखीचा घसटण्याचा आवाज. कुणी उठलं नाही. एक पायरी. थांबणं. दुसरी पायरी. सगळे खाली बघत होते. फक्त वहिनी जिन्याकडे बघत होत्या. दादा बसत बसत उतरले आणि शेवटच्या पायरीवर थांबले. मांडीवर फाईल होती.

"फाडली नाही मी," ते म्हणाले. "फाडणार नव्हतो. मला थोडे दिवस हवे होते फक्त."

"कशाला?" वहिनींचा आवाज फुटला. "कशासाठी हो? वर्षभर मी त्या खिडकीत कुत्र्यासारखी उभी राहिले. दुकानात खोटं बोलले. ज्याला त्याला साहेब म्हटलं. तुमच्यासाठी! आणि तुम्ही..."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

दादांनी फायलीवरचा दोरा सारखा केला. "रोज रात्री तो जिना चढतो मी. जीव जातो. पण वर पोचलो की वाटतं, आज चढलो. अजून चढतोय. खोली झाली की तू मला खाली आणलं असतंस. एकदा खाली आलो की परत वर नाही, हे तुलाही माहीत आहे. त्या कागदावर सही झाली असती ना, तर सरकारनंच लिहून दिल्यासारखं झालं असतं, हा माणूस आता वर जाणार नाही म्हणून." ते थांबले. "थोडे दिवस गेले की मीच नेऊन देणार होतो. फाईल काय, आज ना उद्या सही होईल. पळून थोडीच जातेय."

वहिनी खाली बसल्या, जमिनीवरच. नव्या नियमाचं त्यांनी दादांना सांगितलं नव्हतं. काळजी नको म्हणून. आणि जिन्याचं दादांनी त्यांना सांगितलं नव्हतं. तेही काळजी नको म्हणूनच.

"महिनाअखेरपर्यंतच वेळ आहे," त्या म्हणाल्या. "त्यानंतर त्या अंगणात खोली बसतच नाही."

दादांना कळायला क्षणभर लागला. मग ते नुसते बघत राहिले, उंच शिडीवरून खाली बघावं तसे.

७

सोमवारी वन्सं आणि वहिनी फाईल घेऊन साहेबांकडे गेल्या. साहेबांनी तिला हात लावला नाही.

"कुठे सापडली?"

"सापडली," वन्सं म्हणाल्या.

"असं नाही चालत. गहाळ म्हणून वर कळवलंय मी. आता परत घ्यायची तर कुणी दिली, कशी बाहेर गेली, लिहून द्यावं लागेल. चौकशी बसेल. खिडकीवरच्या बाईंची नोकरी जाईल ती वेगळीच. आणि चौकशी संपेपर्यंत फाईल बंद." ते वाईट वाटल्यासारखे बोलत होते, कदाचित वाटतही असेल. "बाहेर गेलेली फाईल परत आत येत नाही, बाई."

वन्संनी आयुष्यात कितीतरी लबाड पकडले होते. पण इथे पकडायला कुणी नव्हतंच. त्यांनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी काचेपलीकडे बघितलं. खिडकीवरच्या बाई कुणाचा तरी अर्ज घेत होत्या आणि पुन्हा पुन्हा फायलीकडे बघत होत्या.

"राहू दे," वहिनी म्हणाल्या. "काही लिहून द्यायचं नाही मला."

निघताना बाईंनीच त्यांना बाकाशी गाठलं. हळूच म्हणाल्या, "एक समिती असते. खास बाब म्हणून सवलत देते. नव्या नियमातही. पण त्यात आजार लिहावा लागतो. आणि अर्जदाराला स्वतः यावं लागतं."

त्या संध्याकाळी वहिनींनी हे दादांना सांगितलं. चिडून नाही, समजावूनही नाही. चिडायची ताकद संपली होती. "तुम्हाला नको असेल तर नाही करायचा अर्ज," त्या म्हणाल्या. "मी काय, तुम्ही पडाल म्हणून जिन्याच्या तळाशी खुर्ची टाकून रात्र काढीन." दादा जिन्याकडे गेले आणि चढायला लागले. त्या रात्री त्यांना फार वेळ लागला. मधल्या वळणावर ते थांबले ते थांबलेच. वहिनी वर गेल्या, त्यांच्या खालच्या पायरीवर बसल्या. दादा म्हणाले, "कर उद्या अर्ज."

समितीची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. लिफ्ट बंद होती. कर्नल आणि आर्किटेक्टनं दोन्ही बाजूंनी धरून दादांना खुर्चीत बसवून वर नेलं. वन्सं पुढे, माणसं बाजूला सारत. दादांनी डोळे मिटून घेतले होते. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि केस ओले करून विंचरले होते.

आत लांब टेबलापलीकडे काही माणसं बसली होती. कागद चाळणाऱ्या एकानं वर न बघता विचारलं, "अर्जदार कोण?"

"मी," दादा म्हणाले.

"मागणी काय आहे?"

"तळमजल्यावर एक खोली."

"वरच्या मजल्यावर तुमच्या खोल्या आहेत, असं इथे दिसतंय. मग खालची कशाला?" त्या माणसानं आता वर बघितलं. त्याच्या आवाजात दुष्टपणा नव्हता. दिवसभर तोच प्रश्न विचारून आलेला कंटाळा होता फक्त. "तुम्हाला जिना चढता येत नाही का?"

वहिनींना वाटलं, आपणच पटकन बोलावं. हो म्हणून सांगावं, रिपोर्ट पुढे करावेत, यांना यातून सोडवावं. त्यांनी तोंड उघडलंही. पण वन्संनी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

दादांनी टेबलाकडे बघितलं, मग खिडकीकडे. बाहेर समोरच्या इमारतीवर कुणीतरी पाटी रंगवत होतं.

"नाही," ते म्हणाले. "येत नाही."

"ठीक आहे," तो माणूस म्हणाला आणि त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं. "पुढच्या बैठकीत ठेवू."